ताराबाई मोडक

अमरावती हे एके काळी वकिलांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. वऱ्हाडात कापूस पिकत होता. कापसामुळे व्यापार वाढला, व्यापारामुळे पैसा आला, आणि पैशापाठोपाठ कोर्टकचेऱ्या आल्या. दादासाहेब खापर्डे, रावबहादूर मुधोळकर, मोरोपंत जोशी हे नामांकित वकील इथलेच. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशनही या शहरात भरले होते.

या अमरावतीत १९१५ साली मोडक नावाच्या वकिलांशी लग्न होऊन एक तरुणी मुंबईहून आली. तिचे नाव तारा. माहेरचे आडनाव केळकर. वय तेवीस वर्षांचे. आदल्याच वर्षी, म्हणजे १९१४ साली, ती मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली होती. आज या गोष्टीचे कोणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात बी. ए. झालेल्या स्त्रिया बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. प्रार्थना समाज ही १८६७ साली मुंबईत स्थापन झालेली सुधारक संस्था. मुलींनी शिकावे, जातिभेद पाळू नये, विधवांना पुन्हा लग्न करता यावे, असे तिचे विचार होते. अशा घरात वाढल्यामुळे ताराबाईंना शिक्षणासाठी कोणाशी भांडावे लागले नाही. त्यांची परीक्षा पुढे झाली, आणि ती अमरावतीतच झाली.

वकिलांच्या घरी पैशाची ददात नसे. परंतु शिकलेल्या पत्नीने करावे असे काम त्या घरात फारसे नव्हते. संसारही सुखाचा झाला नाही. १९२१ साली हा विवाह संपुष्टात आला आणि ताराबाई आपल्या लहान मुलीला घेऊन अमरावतीबाहेर पडल्या. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात तान्हे मूल, स्वतःच्या नावावर घर नाही की शेत नाही. त्या काळच्या समाजात अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना तुम्ही करू शकता. ताराबाईंच्या हाताशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांचे शिक्षण.

त्या शिक्षणाच्या बळावर त्यांना गुजरातमध्ये राजकोट येथे नोकरी मिळाली. राजकोटच्या बार्टन कॉलेजात प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार केल्या जात. तेथे ताराबाई प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता. दुसरे कोणी असते तर तेथेच सुखाने राहिले असते. पण लहान मुलीला वाढवताना ताराबाईंच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला होता. सहा वर्षांच्या आतल्या मुलांचे काय? शाळा सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होते. त्याआधीची वर्षे घरात रडण्यात, मार खाण्यात, नाहीतर भीती दाखवून गप्प बसवण्यात जातात. याच वर्षांत मूल सर्वांत जास्त शिकत असते, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

याच प्रश्नाने पछाडलेला आणखी एक माणूस राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगर शहरात राहत होता. त्यांचे नाव गिजुभाई बधेका. गंमत अशी की गिजुभाईसुद्धा मूळचे वकीलच. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना त्यांना इटलीच्या माँटेसोरीबाईंची पुस्तके वाचायला मिळाली. त्यांनी वकिली सोडली, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम पत्करले आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. लहान मुलांवर त्यांची इतकी माया होती की गुजरातमध्ये लोक त्यांना मूछाळी मा म्हणजे मिशा असलेली आई म्हणत. १९२३ साली ताराबाई राजकोटची नोकरी सोडून मुलीसह भावनगरला गेल्या. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात लहान मुलांमध्ये जाऊन बसणे हे बाहेरून पाहणाऱ्याला खाली उतरणे वाटले असेल. ताराबाईंना तसे वाटले नाही.

माँटेसोरीबाईंविषयी येथे थोडे सांगायला हवे. डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम शहरात मजुरांच्या वस्तीत लहान मुलांसाठी एक घर उघडले. मुलांना बाकावर बसवून पाठांतर करून घेण्याऐवजी त्यांनी मुलांच्या हातात वस्तू दिल्या. त्या वस्तू फार विचार करून बनवलेल्या होत्या. उदाहरणार्थ, गुलाबी रंगाचे दहा लाकडी ठोकळे. सर्वांत लहान ठोकळा एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. सर्वांचा रंग एक, आकार एक. फरक फक्त लहानमोठेपणात. मूल ते एकावर एक रचते. क्रम चुकला की मनोरा वेडावाकडा दिसतो. शिक्षकाने काही बोलण्याची, रागावण्याची गरजच पडत नाही. चूक वस्तूच दाखवते आणि मूल ती आपली आपण सुधारते. तशीच खरखरीत कागदाची अक्षरे. मूल त्यांवरून बोट फिरवते आणि लिहिण्याआधीच अक्षराचे वळण त्याच्या बोटांना कळते.

हे सारे भावनगरला ताराबाई शिकल्या. नुसत्या शिकल्या नाहीत, तर गिजुभाईंबरोबर त्यांनी ते शिकवलेही. बालमंदिरे वाढायची असतील तर इमारतींपेक्षा शिक्षक जास्त लागतील, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून भावनगरला अध्यापन मंदिर निघाले. तेथे लहान मुलांच्या शिक्षकांना तयार केले जाई. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गुजराती भाषेत शिक्षणपत्रिका नावाचे मासिक सुरू झाले. ताराबाईंची मातृभाषा मराठी, पण त्या गुजरातीत सफाईने लिहू लागल्या. दुसरी भाषा शिकताना तुम्हाला काय कष्ट पडतात ते तुम्ही जाणताच. ताराबाईंनी तर दुसऱ्या भाषेत आयुष्याचे काम उभे केले.

शिक्षणपत्रिका कोणासाठी होती, तर शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी. ट्रेनिंगचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की आपले शिकणे संपले असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. मग दहा वर्षांपूर्वीचे टाचण दहा वर्षे चालते. एखाद्या खेड्यात एकटाच शिकवणारा शिक्षक तर अगदीच एकाकी पडतो. त्याला नवे काही सांगणारे, त्याच्या अडचणीवर बोलणारे कोणी नसते. टपालाने घरी येणारे मासिक अशा शिक्षकाचा सोबती होऊ शकते, हे ताराबाईंनी ओळखले. १९३२ साली त्या भावनगरहून महाराष्ट्रात परतल्या आणि १९३३ साली मराठी शिक्षणपत्रिका सुरू झाली. तिचे संपादन त्यांनी पुढे अनेक वर्षे केले. माझ्या मते त्यांच्या कामाचा हा भाग थोडा दुर्लक्षितच राहिला आहे. शाळा डोळ्यांना दिसते, मासिक दिसत नाही.

१९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडूनच शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर होते. येथे शिकायला येणाऱ्या शिक्षिकांना आधी एक कठीण गोष्ट शिकावी लागे. ती म्हणजे गप्प राहून मुलाकडे पाहणे. मूल कोणती वस्तू उचलते, कशाने कंटाळते, कोठे अडते, मदत केव्हा हवी असते आणि केव्हा नको असते, हे पाहून ध्यानात ठेवायचे. शिक्षकाने बोलावे आणि मुलांनी ऐकावे अशी रीत असलेल्या काळात ही उलटी गोष्ट होती. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई स्वतः भारतात आल्या आणि मद्रासला त्यांचा शिक्षकांसाठी पहिला वर्ग भरला. त्यानंतर माँटेसोरी हे नाव आपल्या शहरांतून सर्वतोमुखी झाले.

पण शहरांतूनच. येथे एक विचित्र गोष्ट घडली होती. रोममध्ये जी शाळा मजुरांच्या मुलांसाठी निघाली, ती भारतात येता येता श्रीमंतांची झाली. याचे कारण ते साहित्य. गुळगुळीत लाकडाचे, बिनचूक मापाचे, रंग दिलेले ते संच महाग पडत. ज्याला फी परवडेल त्याचेच मूल त्या ठोकळ्यांशी खेळे. गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या प्रशिक्षण संस्थेत बोलताना ही पद्धत गरिबांच्या मुलांपर्यंत पोचावी अशी इच्छा व्यक्त केली होती. दादरच्या शिशुविहारातली मुले गरिबांची नव्हती. ताराबाईंना ही गोष्ट टोचत होती.

१९४५ साली ताराबाईंचे वय त्रेपन्न होते. चालते असलेले काम दुसऱ्यांच्या हाती सोपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे हे वय नव्हे. तरीही त्या डिसेंबर महिन्यात बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथे २४ डिसेंबर १९४५ रोजी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आले होते. त्यांनी कष्टाने शिक्षण पुरे केले, पुण्यात शिक्षिकेचे काम केले आणि पस्तिसाव्या वर्षी त्या ताराबाईंना येऊन मिळाल्या. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी बरोबर काम केले.

बोर्डीत पहिली अडचण साहित्याची नव्हतीच. मुलेच येईनात. विशेषतः हरिजन वस्तीतली, मजुरी करणाऱ्यांची मुले बालवाडीकडे फिरकत नसत. आईबाप पहाटे कामाला जात. मुलाला अंघोळ घालून, कपडे घालून शाळेत कोणी पोचवायचे? शिवाय गावातल्या इतर मुलांशेजारी आपले मूल बसलेले चालेल का, ही भीतीही मनात होती. हजेरी भरत नाही म्हणून शिक्षक बहुधा पालकांना दोष देतात. ताराबाईंनी दोष दिला नाही. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे न्यायची असे त्यांनी ठरवले. शिक्षिका सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, मुलांना गोळा करायचे, आधी त्यांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. घरातली म्हातारी माणसे ओट्यावर बसून पाहत. अशी ही अंगणात भरणारी बालवाडी. म्हणून तिला अंगणवाडी असे नाव पडले.

हा शब्द तुम्हाला नवा नाही. उर्दूतले आँगन तेच मराठीतले अंगण. अमरावती आणि अकोल्याच्या मोहल्ल्यांतून, वऱ्हाडातल्या गावोगावी आज अंगणवाड्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने देशातल्या तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि या योजनेतल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वस्तीतला शब्द असा देशभर गेला.

अंगणात शाळा भरू लागली, तेव्हा साहित्याचा प्रश्न आलाच. लाकडी ठोकळ्यांचे संच विकत घेणे शक्य नव्हते. घेतले असते तरी ते उघड्या अंगणात टिकले नसते. मग ताराबाईंनी आणि अनुताईंनी आजूबाजूला पाहायला सुरुवात केली. किनाऱ्यावर शंख-शिंपले होते. झाडांखाली बिया होत्या. पाने होती, फुले होती, नदीनाल्यातले गोटे होते. या वस्तू काही कमी प्रतीच्या नव्हत्या. मात्र नुसता ढीग मुलापुढे ओतला म्हणजे साहित्य तयार होत नाही. येथे माँटेसोरीबाईंकडून शिकलेला नियम उपयोगी पडला. एका वेळी एकच फरक. लहानमोठेपणा शिकवायचा असेल तर एकाच झाडाची पाने घ्यावीत, म्हणजे आकार तोच राहतो आणि मूल फक्त माप पाहते. रंग शिकवायचा असेल तर सारख्या मापाची फुले घ्यावीत. मोजायला शिकवायचे असेल तर एकाच जातीच्या बिया घ्याव्यात. गुळगुळीत आणि खरखरीत यांतला फरक कळावा म्हणून डोळे मिटून शिंपला आणि दगड हातात द्यावा. महाग वस्तू गेली, तिच्यामागचा विचार राहिला.

आपल्या वऱ्हाडात हेच करायचे म्हटले तर काय अडचण आहे? मोजायला सरकी आणि चिंचोके आहेत. लांब-आखूड दाखवायला तुराट्या आहेत. एकाच जाडीच्या निवडून वेगवेगळ्या लांबीच्या तोडल्या की झाले. हलके आणि जड दाखवायला एका तळहातावर कापसाचा बोळा आणि दुसऱ्यावर तेवढ्याच आकाराचा मातीचा गोळा पुरे. ज्वारीच्या धांड्यांचे बैल आणि गाड्या तर इथली मुले कोणी न शिकवताही करत आली आहेत. अर्थात असे साहित्य दुकानात मिळत नसल्यामुळे ते गोळा करणे, निवडणे, धुऊन वाळवणे हे शिक्षकालाच करावे लागते, आणि तान्ह्या मुलांनी चिंचोके नाकातोंडात घालू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावेही लागते. हे काम सोपे नाही. फुकटचे साहित्य पैशाने स्वस्त असते, मेहनतीने नाही.

१९५७ साली हे सारे काम बोर्डीजवळच्या कोसबाड या टेकडीवर हलले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. टेकडीच्या आसपास वारली आदिवासींचे पाडे होते. गरिबी बोर्डीपेक्षा जास्त, शाळेची ओळख त्याहून कमी. आणि मुलांची बोली वेगळी. शिक्षिकेची पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटे. पहिल्या दिवशी वर्गात एकही ओळखीचा शब्द कानावर न पडलेले मूल दुसऱ्या दिवशी का यावे? म्हणून आधी शिक्षकांनी मुलांचे शब्द शिकणे भाग होते.

आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत याचा ताराबाईंनी बारकाईने शोध घेतला. थोरली मुलगी येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा येत नाही, कारण तो गुरे घेऊन रानात गेलेला असतो. ही काही आळशीपणाची कारणे नव्हती. ही मुले काम करत होती आणि त्यांच्या कामावर घर चालत होते. तेव्हा एकाच जागी तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि तिच्याशेजारी प्राथमिक शाळा अशी रचना केली गेली. ताई धाकट्याला पाळणाघरात ठेवून वर्गात जाऊन बसू लागली. मध्येच तो रडला तर उठून त्याला पाहूनही येई. या रचनेला विकासवाडी म्हणतात. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. कुरण म्हणजे गुरे चरतात ती गवताची जमीन. शिक्षक आपले साहित्य घेऊन कुरणावर जाई. गुरे चरत, आणि मुले झाडाखाली शिकत. घंटा नाही, भिंती नाहीत, पण शाळा पुरी.

शिक्षणात नवे नवे शब्द काढणारे लोक बरेच असतात. ताराबाईंचे शब्द अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा असे साधे आहेत, आणि त्या प्रत्येकामागे शाळेत न आलेले एखादे मूल आहे.

कोसबाडलाही शिक्षकांचे प्रशिक्षण थांबले नाही. दूरदूरहून बालवाडीच्या शिक्षिका तेथे शिकायला येत. ताराबाई आपल्या सोबत्यांनाही शिकत राहायला लावत. अनुताईंचेच पाहा. दिवसभर मुले, पाडे, हिशेब, पाहुणे हे सारे सांभाळून त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. त्यानंतरही त्या कोसबाडचे काम पाहत राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. टेकडीवरची शाळा त्या दिवसाने बंद पडली नाही. अनुताई तेथेच राहिल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या, तोवर कोसबाडच्या बालवाडीत शिकलेल्या कितीतरी मुलांची मुले त्याच अंगणात बिया मोजू लागली होती.